कॅमेऱ्याची डायल उड्या मारते आहे : बिघाड नेमका कुठे आहे हे उघडण्यापूर्वी कसे ओळखावे?

पाणवठा (धागाकर्ता)

माझ्याकडे आठ वर्षे वापरलेला डीएसएलआर आहे. मागच्या सोमवती अमावस्येला मी जेजुरीला गेलो होतो आणि पालखी गडावरून कऱ्हेकडे निघाली तेव्हा भंडाऱ्याच्या ढगात साधारण दोन तास उभा राहून छायाचित्रे काढली. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली होती, पण अंगठा आत घालण्यासाठी मागच्या बाजूला फट ठेवावी लागली आणि हळद तिथूनच आत गेली असावी. घरी आल्यावर ब्लोअर आणि मऊ कुंचला यांनी जमेल तेवढी स्वच्छता केली. पंधरा दिवस काही जाणवले नाही. त्यानंतर मागची डायल, म्हणजे अंगठ्याने फिरवायची, बिघडली. शटर (प्रकाश आत येऊ देण्याचा वेळ) १/२५० सेकंदावर असताना डायल उजवीकडे एक खटका फिरवली की १/३२० दिसते, पुढच्या खटक्याला पुन्हा १/२५०, मग एकदम १/५००, आणि कधी तर काहीच होत नाही. तर्जनीजवळची पुढची डायल मात्र पूर्वीसारखीच चालते.

सेवाकेंद्रात दाखवले तेव्हा मागच्या आवरणाचा संपूर्ण भागच बदलावा लागेल असे सांगण्यात आले. त्याचा अंदाजित खर्च याच कॅमेऱ्याच्या आजच्या वापरलेल्या किमतीच्या निम्म्याहून जास्त आहे. डायल खरोखर झिजली आहे की नुसती मळली आहे, हे कॅमेरा न उघडता ओळखण्याचा काही मार्ग आहे का? माहीतगारांनी कृपया सविस्तर लिहावे.

अंधारखोली

तुमच्या बाबतीत बिघाड खराच दिसतो. तरीही हा धागा पुढे दुसरे कोणी वाचतील, म्हणून आधी एक गोष्ट लिहून ठेवतो. डायल चालत नाही म्हणून माझ्याकडे जे कॅमेरे येतात, त्यांतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांच्या डायलमध्ये काहीच बिघडलेले नसते. कॅननच्या ५डी मार्क २ सारख्या कॅमेऱ्यात पॉवर स्विचला तीन स्थाने असतात. तो मधल्या स्थानी ठेवला तर कॅमेरा चालू होतो, पण मागची मोठी चकती एक्स्पोजर, म्हणजे छायाचित्रासाठी घेतला जाणारा प्रकाश, बदलत नाही. त्यासाठी स्विच आणखी एक स्थान पुढे न्यावा लागतो. नंतरच्या अनेक मॉडेलांत त्याऐवजी 'लॉक' लिहिलेली खिटी आली आणि ती पिशवीत ठेवताना नकळत सरकते. निकॉनवर जुनी डी प्रकारची लेन्स लावली आणि तिचे अ‍ॅपर्चरचे कडे सर्वांत लहान छिद्रावर, म्हणजे बहुधा एफ/२२ वर, अडकवले नाही तर पडद्यावर 'एफईई' अशी अक्षरे चमकू लागतात आणि कॅमेऱ्यावरून अ‍ॅपर्चर बदलता येत नाही. फुजीफिल्मच्या एक्स-टी २ किंवा ३ मध्ये एक्स्पोजर भरपाईची (छायाचित्र उजळ किंवा गडद करण्याची) डायल 'सी' वर नसेल तर ती भरपाई कमांड डायलने बदलत नाही. यांपैकी कोणत्याही गोष्टीला बिघाड म्हणता येणार नाही, पण ग्राहक मात्र 'डायल मेली' असेच म्हणत आत येतो.

दुसरी चाचणी याहून सोपी आहे. ज्या कॅमेऱ्यांत पुढच्या आणि मागच्या डायलची कामे मेनूतून अदलाबदल करता येतात, तिथे ती करून पाहा. शटरचे काम पुढच्या डायलला दिल्यावर शटर नीट बदलू लागले आणि अ‍ॅपर्चर उड्या मारू लागले, तर दोष मागच्या डायलमध्येच आहे हे निश्चित होते. शटरच दोन्ही डायलवर उड्या मारत असेल तर डायलला हात लावू नका. सेटिंग्ज मूळ स्थितीवर आणा आणि मग पुढचा विचार करा.

तारकसवाला

अंधारखोली यांनी सांगितलेली अदलाबदल प्रत्येकाने करावी, कारण तिला पैसे लागत नाहीत. आता आत काय चालते ते सांगतो, म्हणजे 'एक पुढे, एक मागे' या लक्षणाचा अर्थ लागेल.

बहुतेक कॅमेऱ्यांच्या डायलखाली एक लहान चकती असते. तिच्यावर धातूचे तुकडे-तुकडे केलेले पट्टे असतात आणि त्यांवरून स्प्रिंगसारखी पातळ धातूची पाती घासत जातात. विद्युत जोडणी दोन वाटांनी मिळते. आपण त्यांना 'अ' आणि 'ब' म्हणू. दोन्ही वाटा एकाच वेळी जुळत-तुटत नाहीत. जुळण्या-तुटण्याच्या एका चक्राच्या पाव भागाने एक दुसरीच्या पुढे असते. त्यामुळे डायल उजवीकडे फिरली तर ००, १०, ११, ०१ असा क्रम दिसतो आणि डावीकडे फिरली तर हाच क्रम उलटा येतो. कॅमेऱ्याला डायल किती फिरली हे वेगळे कळत नाही. तो फक्त या दोन वाटांचा क्रम वाचतो आणि त्यावरून दिशा आणि खटके दोन्ही ठरवतो. रेडिओचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या, कितीही गोल फिरणाऱ्या नव्या प्रकारच्या बटणातही हीच युक्ती असते.

आता समजा 'अ' वाटेच्या पात्याखाली हळद आणि जुने ग्रीस यांचा थर बसला आणि ती जोडणी मिळेनाशी झाली. मग कॅमेऱ्याला फक्त 'ब' हलताना दिसते. ती शून्यावरून एकवर गेली की कॅमेरा एक पाऊल पुढे मोजतो आणि परत शून्यावर आली की एक पाऊल मागे मोजतो. म्हणून १/२५०, १/३२०, १/२५० असा झोका येतो. एका वाटेची जोडणी तुटत असल्याचे हे जवळजवळ खात्रीचे लक्षण आहे. दोन्ही वाटांना सामाईक असलेली जोडणी तुटली तर डायल पूर्ण मुकी होते. खटका हाताला जाणवतो, पण आकडा एकाऐवजी दोन-तीन पुढे जातो, तेव्हा पाते पट्ट्यावर टेकताना थरथरते आहे आणि कॅमेरा त्या थरथरीलाच खटके समजतो आहे असे मानावे. उलट, खटकाच हाताला जाणवत नसेल आणि डायल सैल फिरत असेल, तर दोष विजेचा नसून यांत्रिक आहे. खटका देणारी स्प्रिंग सुटली आहे किंवा वरची टोपी दांड्यावरून निसटली आहे. तिथे कोणताही फवारा उपयोगाचा नाही.

पाणवठा, तुम्ही एक मोजणी करा. कॅमेरा मॅन्युअलवर (सगळे आकडे स्वतः ठरवण्याच्या पद्धतीवर) ठेवा आणि बदल एक तृतीयांश स्टॉपचा ठेवा; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. ३० सेकंदांपासून १/४००० पर्यंत १७ स्टॉप होतात, म्हणजे बरोबर ५१ खटके. तुमचा कॅमेरा १/८००० पर्यंत जात असेल तर ५४. सावकाश, प्रत्येक खटका मोजत उजवीकडे जा, मग तसेच परत या. डायलवर कागदी चिकटपट्टीचा छोटा ठिपका लावा आणि चूक झाली की ठिपका घड्याळाच्या कोणत्या तासाशी आहे ते लिहून ठेवा. चूक नेहमी त्याच तासाला होत असेल तर चकतीवर त्या जागी डाग किंवा झीज आहे. ती कुठेही होत असेल तर मळ पात्यावर आहे, कारण पाते जागचे हलत नाही आणि सारी चकती त्याच्याखालून जाते.

खारा_वारा

मी रत्नागिरीला राहतो. इथे भंडाऱ्याऐवजी समुद्रावरची खारी हवा आणि जूनपासूनची दमट कोंडी हे काम करतात. माझा अनुभव मोड डायलचा, म्हणजे छायाचित्र काढण्याची पद्धत ('ए', 'एम', 'पी' वगैरे) निवडण्याच्या डायलचा, आहे आणि तो थोडा वेगळा आहे, कारण मोड डायल गोल-गोल मोजत नाही. ती स्वतः कुठल्या स्थानी आहे ते थेट सांगते. तिच्याखाली तीन-चार पट्टे असतात आणि प्रत्येक स्थानाला जोडलेल्या-तुटलेल्या पट्ट्यांचा वेगळा संकेत असतो. एक पट्टा मळला की काही स्थाने बरोबर वाचली जातात आणि काही चुकीची. माझी डायल 'ए' वर असताना पडद्यावर 'एम' यायचे. 'पी' मात्र नेहमी बरोबर यायचे. कागदावर दोन रकाने करून डायलवरचे चिन्ह आणि पडद्यावरचे चिन्ह लिहिले आणि तीन दिवस तीच चूक त्याच जागी येत राहिली, तेव्हा एकच पट्टा बिघडला आहे हे लक्षात आले. चूक रोज वेगळी आली असती तर मी सैल जोडणीचा संशय घेतला असता.

यानंतर मी मूर्खपणा केला तोही सांगतो. हार्डवेअरच्या दुकानातून गंज सोडवण्याचा फवारा आणला आणि मोड डायलच्या कडेने नळी लावून दाबला. डायल दुसऱ्या दिवशी उत्तम चालू लागली. आठवड्याभराने व्ह्यूफाइंडरमध्ये पाहिले तर डाव्या बाजूला तेलकट ढग दिसत होता, कारण माझ्या कॅमेऱ्यात मोड डायल प्रिझमच्या अगदी शेजारी आहे आणि तेल झिरपत फोकसिंग स्क्रीनपर्यंत, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधले चित्र जिच्यावर उमटते त्या पातळ पट्टीपर्यंत, गेले होते. स्क्रीन पुसायला गेलो तर तिच्यावर ओरखडे पडले. डायल दुरुस्त झाली आणि व्ह्यूफाइंडर गेला.

अंधारखोली

खारा_वारा यांनी स्वतःची चूक लिहिली याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत, कारण हाच उपाय आंतरजालावर 'दोन मिनिटांत दुरुस्ती' म्हणून फिरत असतो. गंज सोडवण्याचा फवारा हा कॉन्टॅक्ट क्लीनर, म्हणजे विद्युत जोडण्या साफ करण्याचा द्रव, नव्हे. त्यातले तेल आत राहते, धूळ धरून ठेवते आणि वर्षभराने पूर्वीपेक्षा जास्त चिकट लगदा होतो. नखांचा रंग काढायच्या द्रवात बहुधा अ‍ॅसिटोन असते आणि ते कॅमेऱ्याच्या प्लास्टिकलाच विरघळवते, म्हणून तेही टाळा. खरा कॉन्टॅक्ट क्लीनरसुद्धा डायलच्या फटीतून कधी फवारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डब्यातून किती द्रव बाहेर येणार हे आपल्या हातात नसते आणि तो आत कुठे जाणार हेही दिसत नाही.

तारकसवाला

'कधीच नाही' हे मला पटत नाही, पण फवारा टाळावा याबद्दल एकमत आहे. मी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो. इंजेक्शनच्या सिरिंजची सुई बोथट करून तिच्या टोकावर लोंबेल एवढा एकच थेंब घ्यायचा. बॅटरी काढलेली हवी. कॅमेरा असा धरायचा की डायल खालच्या बाजूला येईल आणि जास्तीचा द्रव आत न जाता बाहेर ओघळेल. थेंब कडेला लावून डायल दोन्ही दिशांना शंभरेक वेळा फिरवायची, बाहेर आलेला मळ कापसाच्या काडीने टिपायचा आणि असे तीन-चार वेळा करायचे. मग कॅमेरा चोवीस तास बॅटरीविना उघड्यावर ठेवायचा. तांदळाच्या डब्यात ठेवू नये. तांदळाचा कोंडा हीच एक नवी धूळ आहे.

हळदीच्या बाबतीत अल्कोहोलचा एक खास फायदा आहे. हळदीचा पिवळा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण अल्कोहोलमध्ये विरघळतो. त्यामुळे पाणवठा यांना कापसाच्या काडीवर पिवळे दिसले तर निदान आपोआप होईल.

मृगशीर्ष

कृपया एक शंका सांगा. माझ्या खिशात मावणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यात मागे एकच गोल चकती आहे. ती फिरतेही आणि चार दिशांना दाबलीही जाते. अलीकडे न दाबताच मेनू खाली सरकतो. हाही तोच प्रकार आहे का?

तारकसवाला

अर्धा तोच. तुमच्या चकतीखाली फिरण्याचे पट्टे आणि दाबण्याची चार बटणे अशा दोन यंत्रणा एकावर एक असतात. चकती न फिरवता मेनू एकाच दिशेने सरकत राहिला तर खालच्या दिशेचे बटण अडकले आहे आणि कडेला साचलेला मळ चकतीला तिकडे दाबून ठेवतो आहे. चकतीच्या कडेने कोरडा, कडक केसांचा कुंचला फिरवा. बहुतेक वेळा एवढे पुरते.

पाणवठा (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. मोजणी केली. माझा कॅमेरा १/८००० पर्यंत जातो, म्हणून ५४ खटके अपेक्षित होते. उजवीकडे जाताना ७१ लागले आणि डावीकडे परत येताना ६६. चुका ठिपका बाराला, तीनला, पाचला, आठला असताना, म्हणजे जवळजवळ सर्वत्र झाल्या; मात्र पाचच्या आसपास त्यांची दाटी होती. अदलाबदल केल्यावर अ‍ॅपर्चर उड्या मारू लागले आणि शटर सुधारले. तेव्हा दोष डायलचाच आहे आणि बहुतांशी पात्यावरच्या मळाचा आहे, असा मी अर्थ लावतो. मागचे आवरण उघडून नीट स्वच्छ करावे, असा मोह होतो आहे. तो आवरू का?

अंधारखोली

आवरा, निदान थेंबाचा उपाय करून होईपर्यंत तरी. उघडण्यातल्या अडचणी यादीसारख्या सांगून कोणाला घाबरवायचे नाही, पण दोन गोष्टी जिवाच्या आणि खिशाच्या आहेत. ज्या कॅमेऱ्यात अंगचा फ्लॅश असतो त्याच्या आत फ्लॅशचा कॅपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असतो आणि तो सुमारे ३०० व्होल्टपर्यंत भारित असतो. बॅटरी काढल्यावरही तो भार बराच काळ टिकतो. वरचे किंवा मागचे आवरण काढताना बोट नेमके तिथे लागू शकते. मला तरुणपणी एकदा लागले होते आणि हातातला कॅमेरा समोरच्या भिंतीवर आपटला होता. तो कॅपॅसिटर योग्य रोधाने रिकामा करण्याची सवय ज्याला नाही, त्याने हे काम करू नये.

दुसरी गोष्ट स्क्रूंची आहे. जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू जेआयएस (जपानी मानक) पद्धतीच्या फुलीचे असतात. आपल्याकडचा नेहमीचा फुलीचा पेचकस त्यात बसल्यासारखा वाटतो, पण जोर दिला की घसरतो आणि स्क्रूचे डोके खाऊन टाकतो. मुंबईत बोरा बाजारात जुने कारागीर बसतात. त्यांना तुमच्यासमोर डायल उघडायला सांगा आणि संपूर्ण भागाऐवजी फक्त चकती-पात्यांचा संच मिळतो का ते विचारा. सेवाकेंद्राला संपूर्ण भाग बदलणे सोपे आणि हमी देण्यासारखे असते. त्यांच्या बाजूने ते गैर नाही, पण जुन्या कॅमेऱ्याच्या मालकाला ते परवडत नाही.

जाता जाता एक विषयाला धरूनच सांगतो. तर्जनीखालची ही डायल १९८६ मध्ये कॅननच्या टी९० या फिल्म कॅमेऱ्यात आली. त्याच्या आकारात लुइजी कोलानी या रचनाकाराचा हात होता. त्याआधी शटरच्या डायलवर आकडे कोरलेले असत आणि डायल चुकली तर डोळ्यांना दिसत असे. आता आकडा पडद्यावर असतो आणि डायल मुकी असते, म्हणून तिचा खोटेपणा आपल्याला उशिरा कळतो.

खारा_वारा

मोड डायल चुकून फिरण्याचा प्रश्न मात्र झिजेचा नाही, तो वेगळा धरावा. पिशवीतून काढताना डायल 'एम' वरून भलतीकडे गेलेली असते आणि माणूस बिघाड शोधत बसतो. कॅननने २०१० मध्ये ६०डी मध्ये मध्यभागी बटण दाबल्याशिवाय न फिरणारी मोड डायल आणली आणि त्यानंतर ५डी मार्क २ आणि ७डी च्या मालकांनाही पैसे भरून तसे कुलूप बसवून घेण्याची सोय केली. जुन्या कॅमेऱ्यावर मी कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावतो. त्याला काहीच पैसे पडत नाहीत.

पाणवठा (धागाकर्ता)

थेंबाचा उपाय शनिवारी केला. पहिल्या फेरीची कापसाची काडी स्पष्ट पिवळी झाली, दुसरी पिवळट-करडी, चौथी जवळजवळ स्वच्छ निघाली. रविवारी संध्याकाळी बॅटरी घालून पुन्हा मोजणी केली. उजवीकडे ५५ खटके, डावीकडे ५४. दहा वेळा पुन्हा मोजले. सहा वेळा दोन्ही दिशांना ५४ आले आणि चार वेळा उजवीकडे एक खटका वाया गेला. तो प्रत्येक वेळी ठिपका पाचला असतानाच गेला.

तारकसवाला

म्हणजे मळ गेला आणि पाचपाशी पट्टा खरोखर झिजलेला उरला. हळदीचे कण ग्रीसमध्ये मिसळून ती जागा पॉलिशच्या कागदासारखी घासली गेली असावी. आणखी अल्कोहोल घालून तो धातू परत येणार नाही. आता थांबा. जास्त धुतले तर कारखान्यात भरलेले उरलेसुरले ग्रीसही निघून जाईल आणि बाकीचे पट्टेही लवकर झिजू लागतील. मी तुमच्या जागी असतो तर मागच्या डायलला कमी वापरायचे काम दिले असते आणि शटर पुढच्या डायलवर नेले असते. पाचच्या जागेवरून जेवढ्या कमी वेळा जाल तेवढी ती टिकेल.

अंधारखोली

सहमत आहे. आणि पावसाळ्यात कॅमेरा ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या पेटीत ठेवा; सिलिका जेल रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा वापरता येते. एकच चूक एकाच जागी राहिली आहे, तोवर सुट्या संचाचा शोध सावकाश घेता येईल.

पाणवठा (धागाकर्ता)

शटर पुढच्या डायलवर नेले. दोन दिवस बोट चुकत होते, आता सवय झाली. बोरा बाजारातल्या एका कारागिरांनी चकती-पात्यांचा जुना संच काढून ठेवतो असे सांगितले आहे आणि पुढच्या महिन्यात मी कॅमेरा घेऊन जाणार आहे. पुढच्या सोमवतीला पिशवीची फट पाठीमागे न ठेवता खालून ठेवीन आणि मागच्या डायलवर आधीच चिकटपट्टी लावीन. ठिपका अजून डायलवरच आहे. संच बदलल्यावर पुन्हा ५४ खटके मोजून इथे लिहितो.